माणिकबागेतील फर्निचर आणि बेटम्याची मुले : एक अभ्यासपाठ

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंचवीस-तीस किलोमीटर अंतरावर बेटमा हे गाव आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते राजा भोजाच्या ताम्रपटामुळे परिचित आहे. या गावातील शाळकरी मुलांना जगाच्या कलेतिहासातील आणखी एका प्रकरणाचे शेजारपण लाभले आहे. मात्र त्याची जाणीव फार थोड्यांना असेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात गृहसजावटीची आणि फर्निचरची जी नवी कला उदयास आली, तिचा एक अत्यंत परिपूर्ण नमुना १९३० ते १९३३ या काळात इंदुरात उभा राहिला. यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा माणिकबाग राजवाडा तो हाच.

या राजवाड्यातील खुर्च्या, पलंग, गालिचे आणि दिवे आज पॅरिसपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या कलाप्रेमींच्या चर्चेचा विषय आहेत. माळव्यातील मुलाला मात्र त्यांतील एकही वस्तू जवळून पाहावयास मिळणे कठीण आहे. त्यांपैकी बहुतेक मौल्यवान वस्तू १९८० च्या मे महिन्यात माँटे कार्लो येथील लिलावात विकल्या गेल्या. इमारतीत शासकीय कार्यालय आले. पूर्वी तेथे केंद्रीय उत्पादन शुल्क विभागाचे आणि नंतर वस्तू व सेवा कराचे काम चालू लागले. अशा स्थितीत मुलांना ही कला शिकवावयाची कशी, हा शिक्षकापुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर चित्रांच्या पुस्तकात नाही. ते मुलांच्या घरातील पाटाखाली आणि बाजेच्या दोरीत सापडते.

पाटापासून आरंभ

पहिल्या तासाला शिक्षकांनी मुलांना घरून एक पाट आणावयास सांगावे. पाट उलटा करून वर्गात मध्यभागी ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूस दोन आडव्या पट्ट्या असतात. त्या कशासाठी, असे विचारावे आणि उत्तर देण्याची घाई करू नये. कोणी म्हणेल, पाट उंच व्हावा म्हणून. कोणी म्हणेल, ओल लागू नये म्हणून. सुताराघरचा मुलगा असेल तर तो सांगेल की रुंद फळी वाकू नये म्हणून. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. एका साध्या पट्टीने तीन कामे साधली आहेत, हे मुलांनी स्वतः शोधले म्हणजे वस्तूच्या रचनेचा पहिला धडा झाला.

त्यानंतर बाज घ्यावी. चार पाय, चार लाकडे, दोरीचे विणकाम आणि पायथ्याकडे वेगळी ओढून बांधलेली दोरी. दोरी सैल पडली की बाज पुन्हा आवळता येते. बसणाऱ्याच्या भाराप्रमाणे वाकणारे आणि उन्हाळ्यात खालून वारा देणारे हे आसन आहे. मुलांनी तिच्या पायांची उंची मोजावी, गाठी मोजाव्यात, खाचेत कुसू कसे बसविले आहे ते पाहून रेखाटावे. हे पूर्वतयारीचे काम नीट झाले नाही, तर पुढे दाखविलेली परदेशी खुर्ची मुलांना केवळ श्रीमंतांचे कौतुक वाटेल.

भारतात अभिकल्प-शिक्षणाचा पाया घालताना हीच रीत सुचविली गेली होती. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात त्यांनी आपल्या घरोघरीच्या लोट्याचा आदर्श म्हणून विचार केला. त्यात किती पाणी मावते, भरल्यावर तोल कसा राहतो, डोक्यावर वा कमरेवर तो कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, असे प्रश्न त्यांनी मांडले. या अहवालाच्या आधारे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था सुरू झाली. लोट्याबद्दल विचारता येणारे प्रश्न खुर्चीबद्दलही विचारता येतात.

दोन राजवाडे, दोन काळ

इंदूरची सहल काढावयाची असेल तर ती राजवाडा आणि लालबाग या दोन ठिकाणी न्यावी. जुन्या राजवाड्याचे खालचे मजले दगडी व वरचे लाकडी आहेत. १९८४ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली आणि पुढे पुनर्बांधणी झाली. तरी मराठी वाड्याच्या लाकूडकामाची कल्पना तेथे येते. लालबागेचे बांधकाम १८८६ साली सुरू होऊन १९२१ साली पूर्ण झाले. तेथील संगमरवरी खांब, रंगविलेली छते, झुंबरे आणि मुलामा दिलेले नक्षीदार फर्निचर हे सर्व युरोपातील राजेरजवाड्यांच्या जुन्या दिमाखाचे अनुकरण आहे. लालबाग पाहण्यासाठी खुली आहे किंवा दुरुस्तीसाठी बंद आहे, याची चौकशी आधी करून घ्यावी.

लालबाग पुरी होऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच घराण्यातील तरुण राजाने नक्षी, मुलामा आणि झालरी यांना रजा दिली. यशवंतरावांचा जन्म १९०८ चा आणि वास्तुकार एकार्ट मुथेसियुस यांचा १९०४ चा. दोघांनी हे काम आरंभिले तेव्हा त्यांनी जेमतेम विशी-पंचविशी गाठली होती, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. मुथेसियुस यांचे वडील हेरमान हे १९०७ साली स्थापन झालेल्या जर्मन कलाकार-कारखानदारांच्या संघाचे एक संस्थापक होते. यंत्राने बनविलेली वस्तूही सुबक असावी आणि तिचे सौंदर्य वरून चिकटविलेल्या नक्षीत नसून तिच्या प्रमाणात व उपयोगात असावे, अशी या पिढीची धारणा होती. १९१९ साली वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस शाळेने तीच पुढे नेली.

राजवाड्यातील बरेच सामान जर्मनी व फ्रान्समध्ये घडवून जहाजाने आणण्यात आले. महाराजांच्या अभ्यासिकेसाठी रुल्मान यांनी मकासर आबनुसाचे फर्निचर दिले. लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांनी धातू व काच यांचे पलंग बनविले. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आयलीन ग्रे या स्त्री-कलाकाराची एक आरामखुर्ची तेथे होती. आगबोटीच्या डेकवरील घडीच्या खुर्चीवरून तिची कल्पना सुचलेली होती. स्वतः मुथेसियुस यांनी वाचनासाठी लाल रंगाच्या अशा खुर्च्या आखल्या की त्यांतच दिवे बसविलेले होते. दा सिल्वा ब्रून यांच्या गालिच्यांवर फुले-वेली नव्हत्या. केवळ रेषा, चौकोन आणि वर्तुळे होती. ज्या मुलांच्या अंगणात रोज रांगोळी पडते, त्यांना हे गालिचे परके वाटण्याचे कारण नाही.

ल कॉर्ब्युझिए, पियेर जान्नरे आणि शार्लोत पेरियां यांचे १९२८ चे पोलादी नळ्यांचे लांब आसनही माणिकबागेत होते. पण ते बिबळ्याच्या कातड्याने मढविलेले होते. यंत्रयुगातील साधेपणाचे हे आसन राजाच्या घरी येताच त्यावर कातडे चढले, यातील विसंगती मोठ्या मुलांच्या ध्यानात आणून द्यावी.

एखादा विद्यार्थी विचारीलच की, एवढा पैसा कोठून आला? शिक्षकाने हा प्रश्न टाळू नये. तो पैसा संस्थानच्या महसुलातून आला आणि महसूल माळव्याच्या शेतकऱ्याने भरला. जागतिक मंदीची ती वर्षे होती. वस्तूचे सौंदर्य आणि तिच्यासाठी खर्च करणाऱ्याची सत्ता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहण्याची सवय लहानपणी लागली तर पुढे पुष्कळ भाबडेपणा टळतो.

बैठक आणि खुर्ची

फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मॉन्व्हेल यांनी महाराजांची दोन प्रसिद्ध चित्रे रंगविली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्य पोशाखात उभे आहेत. १९३४ च्या चित्रात मराठी पोशाखात, पगडी घालून गादीवर बसले आहेत. या चित्रांच्या छापील प्रती मिळाल्यास वर्गात शेजारी शेजारी लावाव्यात. माणूस तोच, परंतु बसण्याची रीत बदलली की पोशाख, खोलीची उंची, खिडकीची जागा, सारेच बदलते. महाराणी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातील होत्या. कागलच्या वाड्यातील बैठकीपासून काचेच्या पलंगापर्यंतचा त्यांचा प्रवास मुलींना विशेष विचार करावयास लावील. त्या १९३७ साली अकाली वारल्या. त्यानंतर शिल्पकार ब्रांकुश यांच्याकडून बांधून घ्यावयाचे ध्यानमंदिरही प्रत्यक्षात आले नाही. त्यासाठी घेतलेले संगमरवरी पक्षी आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहेत.

हाताने करून पाहणे

कारखान्यात तयार होणाऱ्या आसनाचे तत्त्व समजण्यासाठी व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याची १८५९ ची खुर्ची उत्तम. वाफेवर मऊ करून वाकविलेल्या बीच लाकडाचे सहा भाग आणि थोडे स्क्रू, एवढीच तिची सामग्री. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटर पेटीत मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्यांनी चहा घेतला आहे, त्यांना या जातीच्या खुर्च्या ठाऊक असतात. मुलांनी वर्गातील खुर्चीचे किती सुटे भाग होतील ते मोजावे व पेटीत मावतील अशा रीतीने कागदावर मांडून पाहावे.

१९२५ साली मार्सेल ब्रॉयर यांना सायकलच्या वाकविलेल्या नळीवरून पोलादी खुर्ची सुचली, असे सांगतात. नळी पोकळ असूनही भार का पेलते, हे वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या करून दाखविता येते. एक सपाट कागद पुस्तक पेलत नाही. त्याच कागदाच्या चार घट्ट गुंडाळ्या उभ्या केल्या की ते सहज पेलले जाते. बेटम्यापासून पीथमपूरची औद्योगिक वसाहत जवळ आहे. नळ्या वाकविणे, पत्रा कापणे ही कामे ज्यांच्या घरची माणसे करतात, त्यांच्यापैकी एखाद्यास वर्गात बोलावावे. गावच्या सुतारासही बोलवावे व दोघांना एकमेकांशी बोलू द्यावे.

शेवटचे काम शाळेच्या बाकाचे. प्रत्येक मुलाने गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून बाकाच्या उंचीशी ताडून पाहावे. पहिलीतील मुलांचे पाय लोंबकळतात आणि सातवीतील मुलांचे गुडघे फळीला लागतात, हे आकड्यांनिशी पुढे आले की मुलांनी पुठ्ठा व बांबूच्या कामट्या घेऊन १:५ प्रमाणात नवे बाक करावे. ते सुबक होईलच असे नाही. पण ते कोणाच्या मापाचे आहे, हे मुलाला सांगता आले पाहिजे.

जडसंग्रह नोंदवही

हा भाग कार्यालयीन अधिकाऱ्यांसाठी आहे. वर उल्लेखिलेल्या पियेर जान्नरे यांनी पुढे चंदीगड शहरासाठी सागवान व वेत यांच्या हजारो खुर्च्या-टेबले आखली. कालांतराने ती मोडीत निघाली, अंगणात व गच्चीवर रचून ठेवली गेली आणि भंगाराच्या भावाने लिलावात गेली. परदेशात तीच अफाट किमतीस विकली जाऊ लागली, तेव्हा २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीस मनाई केली. तोवर बरेच काही गेले होते.

तहसील कार्यालये, जुनी विश्रामगृहे, न्यायालये आणि शाळा यांच्या अडगळीत आजही जुनी साग-शिसवी मेजे, वेताच्या आरामखुर्च्या, फिरती पुस्तकमांडणी धूळ खात असतात. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करण्यापूर्वी जवळच्या शाळेच्या शिक्षकास व चार मुलांना एक दिवस त्या खोलीत प्रवेश द्यावा. मुलांनी प्रत्येक वस्तूचे समोरून व बाजूने चित्र काढावे. लांबी, रुंदी, उंची, लाकूड, जोडांचा प्रकार, मागे कोरलेला क्रमांक किंवा कारखान्याचे नाव नोंदवावे. हे कागद नोंदवहीस जोडून ठेवण्यास खर्च काही नाही. मोडकी म्हणून नोंदलेली खुर्ची बहुधा एका खुंटीअभावी डुगडुगत असते आणि ती खुंटी गावचा सुतार अर्ध्या तासात बसवून देतो.