वृक्षपर्णांचा चारा आणि कषाय रस
भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. उन्हाळ्यात जनावरांपुढे बहुधा पेंढाच पडतो. त्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के. सुबाभूळ व शेवगा यांच्या वाळलेल्या पाल्यात ती २ं० टक्क्यांहून अधिक असतात. तथापि केवळ आकडा पाहून पाला सुचवू नये. ऐन, धावडा यांची पाने कषाय; त्यांतील टॅनिन प्रथिनांस बांधून ठेवते व ती अंगी लागत नाहीत. कषाय रसाचे स्तंभन वैद्यांस नवे नाही! सुबाभळीतील मायमोसिनाने केस गळतात, गलगंड होतो; सबब तिचे प्रमाण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावे. हिरड्याची फांदी चाऱ्यासाठी तोडली की तिच्यावरचा बाळहिरडाही गेला, हे औषधनिर्मात्यांनी संग्राहकांस हंगामापूर्वीच सांगावे.