चित्रं घेऊन प्रदर्शनाला निघताय? आधी हा हिशोब मांडा

बीड, अंबाजोगाई, माजलगावकडच्या चित्रकारांचं स्वप्न बहुतेक एकच असतं, मुंबईचा काळा घोडा महोत्सव. 1999 पासून भरतो, साधारण नऊ दिवस चालतो. जायचंच तिथं. पण नऊ दिवस म्हणजे मुक्कामाचा खर्चही नऊ दिवसांचा. म्हणून सुरुवात पुण्या-संभाजीनगरच्या छोट्या प्रदर्शनापासून करा, असं माझं मत.

समजा, चार दिवसांचा स्टॉल आहे. भाडं 12,000, दोघांचा प्रवास आणि चित्रांची ने-आण 5,000, राहणं-जेवण 5,000. झाले 22,000. तुमचं चित्र 2,000 चं, त्यात कॅनव्हास, रंग, फ्रेम मिळून 900 गेले. हातात 1,100. म्हणजे खर्च निघायलाच 20 चित्रं विकावी लागतील, रोज पाच! तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही बरं का.

आता गिऱ्हाईक म्हणतं, "1,500 ला द्या." वाटतं पाचशेच तर सोडले. पण हातात राहिले 600, आणि 20 चित्रांची झाली 37. भाव पाडण्यापेक्षा छोटा माल ठेवा. स्वतःच्याच चित्रांची छापील कार्डं, 20 ला पडतात, 100 ला विका. शंभर कार्डं गेली की 8,000 सुटले, मग 13 चित्रांत भागतं. मोठं चित्र मात्र समोरच लावा, माणूस थांबतो त्याच्यामुळेच.

हातउसने घेऊन स्टॉल बुक करू नका. आणि पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारून घ्या: टेबल, लाईट भाड्यात आहे का, रात्री माल कुठं ठेवायचा?