तारण फुकट, मग कामं कशाला?

चि. करुणा हिस,



तुझ्या पत्राचा बराचसा भाग वसईच्या कॅथलिक रूममेटशी झालेल्या वादाने भरलाय. ती याकोबाचं पत्र काढते, तू रोमकरांस पत्र काढतेस, आणि दोघींचा चहा गार होतो. पण खरी गोष्ट तू अगदी शेवटी लिहिलीस. वॉर्डातल्या त्या बेवारशी आजोबांची दाढी तू ड्यूटी संपल्यावर केलीस, पाठीच्या जखमा पुसल्यास, कूस बदलून दिलीस. आणि हात धुताना मनात आलं, हे वर कुठेतरी मांडलं गेलं असेल. मग त्या विचाराचीच तुला लाज वाटली. तू विचारतेस की तारण विश्वासाने फुकट मिळतं तर मी हे कशासाठी करते, आणि कामांनी मिळत असेल तर ती पुरेशी कधी व्हायची?

आधी वादाचं उरकते. पौल आणि याकोब एकमेकांचं खोडतात असं वाटतं, कारण आपण दोघांच्या पत्रांतली एकेक ओळ उचलतो आणि ते कोणाशी बोलताहेत ते विसरतो. पौलासमोर कोण होते? यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना ‘सुंता करून घ्या, नियमशास्त्र पाळा, तरच तुम्ही देवाचे’ असं सांगणारे. त्यांना तो ठणकावतो. याकोबासमोरचे लोक वेगळेच. सभेत सोन्याची अंगठीवाला आला की त्याला पुढची जागा, फाटक्या कपड्यांतल्याला ‘तिथे उभा राहा’. उपाशी माणसाला नुसत्या गोड शब्दांवर वाटेला लावायचं, आणि वर म्हणायचं की आमचा विश्वास आहे. त्यांना तो झापतो. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, पण त्याच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या प्रसंगांवर बोट ठेवतात. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम ताऱ्यांकडे बघून वचनावर विश्वास ठेवतो, तो पौलाचा अब्राहाम. बाविसाव्यात तो इसहाकाला घेऊन डोंगर चढतो, तो याकोबाचा. माणूस एकच, मधे वर्षं गेलेली. पंधराव्यातला विश्वास खरा होता की नाही, हे बाविसाव्यात दिसलं, एवढंच याकोबाचं म्हणणं.

आता तुझ्या मैत्रिणीची बाजू घेते, म्हणजे तुझे पप्पा माझ्यावर चिडतील. ‘कॅथलिक लोक कामांनी तारण मिळतं असं मानतात’ हे आपल्या नगरच्या मंडळ्यांत लहानपणापासून ऐकवतात, आणि ते असं सरसकट खरं नाही. देवाच्या कृपेवाचून, स्वतःच्या बळावर माणूस नीतिमान ठरू शकतो असं म्हणणाऱ्याला ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये शापित ठरवलंय, आणि तेही त्या विषयावरच्या अगदी पहिल्या कलमात. त्याच्याही खूप आधी, पेलागियसचं शिकवणं असंच माणसाच्या बळावर भर देणारं होतं, म्हणून 418 मध्ये कार्थेजच्या सभेने ते नाकारलं. कृपा आधी, यावर भांडण नव्हतंच. भांडण होतं ते कृपा मिळाल्यावर माणसाच्या कामाला काही पुण्य म्हणायचं का, आणि नीतिमान ठरणं म्हणजे घोषणा की आतला बदल, यावर. त्या भांडणाने युरोपात रक्त सांडलं. मग 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यांनी मान्य केलं की आपण स्वीकारले जातो ते कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे; आणि तोच पवित्र आत्मा आपल्याला चांगल्या कामांसाठी उभं करतो. मेथडिस्ट 2006 मध्ये त्यात आले, रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 मध्ये. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण तुम्ही दोघी ज्या मुद्द्यावर जेवण सोडताय, त्यावर तुमच्या मोठ्यांनी बरंच मिटवलंय. तिला माझा सलाम सांग.

लूथरचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबते, कारण तुझा दुसरा प्रश्न त्याचाच होता. ‘पुरेसं कधी?’ 1505 मध्ये तो एरफुर्टच्या मठात गेला आणि उपास, रात्रीचं जागरण, पापांची कबुली यांत त्याने स्वतःला पिळून काढलं. प्रत्येक कबुलीनंतर एखादं पाप राहून गेल्याची धास्ती. असा पोळलेला माणूस 1517 मध्ये पापक्षमापत्रांच्या विक्रीवर तुटून पडला, यात नवल नाही. रागाच्या भरात तो चुकलाही. 1522 च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. नंतरच्या आवृत्त्यांतून ते शब्द गेले, बरं झालं. पण 1520 मध्ये त्याने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जी छोटी पुस्तिका लिहिली, तिच्यात तुझ्या वॉर्डासाठी एक गोष्ट आहे. विश्वासाने तुझं सगळं आधीच झालंय, म्हणून तुझी कामं आता तुझ्या उपयोगाची राहिली नाहीत, ती मोकळी झाली, शेजाऱ्याच्या उपयोगाला आली, अशा अर्थाचं तो मांडतो. माझ्या मते त्याच्या सगळ्या लिखाणात यापेक्षा मोलाचं काही नाही, आणि आपल्या व्यासपीठांवरून हेच सगळ्यात कमी सांगितलं जातं.

आता आजोबांकडे ये. तारण म्हणजे भिशी असती, दर महिन्याला भरायची आणि शेवटी उचलायची, तर त्या दाढी करण्यात आजोबा कोण होते? तुझ्या हप्त्याचं निमित्त. त्यांच्या जागी दुसरा कोणीही चालला असता. तुला लाज वाटली ती याची, आणि ती योग्य होती. पण ती तेवढ्यावरच सोड. ‘माझा हेतू शुद्ध नव्हता, म्हणून ती सेवाच खोटी’ असं धरून बसलीस तर तू परत स्वतःकडेच बघायला लागशील, फक्त नफ्याच्या ऐवजी तोट्याच्या रकान्यात. आजोबांची दाढी झाली, त्यांना बरं वाटलं. तुझ्या मनात काय आलं त्याने त्यांच्या गालावर काही फरक पडला नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग परत वाच. मेंढरं आणि शेरडं वेगळी करतात तो. कामांवरच न्याय होतो असं दाखवायला तुझी मैत्रीण तो काढत असेल, आणि ती चूक नाही, तिथे खरंच कामांचंच विचारलंय. पण एक बघ. उजवीकडचे लोक चकित होतात. आम्ही तुला कधी जेवू घातलं, कधी भेटायला आलो, असं विचारतात. त्यांच्याकडे यादीच नाही. डावीकडचेही तेच विचारतात. प्रभूच आहे हे कळलं असतं तर त्यांनी सोडलं नसतं, असा त्यांचा सूर. म्हणजे कोणासाठी करायचं याचा हिशेब त्यांच्याकडे अगदी चोख होता.

वधस्तंभावरच्या चोराचं तू लिहिलंस, की त्याने काहीच केलं नाही तरी तो तरला. बाप्तिस्मा नाही, दशांश नाही, शब्बाथ शाळा नाही, खरं आहे. पण लूक नीट वाच. मरायला टेकलेला असताना तो दुसऱ्या गुन्हेगाराला दटावतो आणि शेजारच्या निर्दोष माणसाची बाजू घेतो. हात खिळलेले होते, तोंड मोकळं होतं, तेवढं त्याने वापरलं. त्याने तो तरला असं मी म्हणत नाही. विश्वास आला की तो गप्प बसत नाही, इतकंच.

हॉस्टेलच्या गच्चीवर प्रार्थनासभा घेणाऱ्या त्या भाऊंबद्दल मला स्पष्ट लिहायचंय. आपली सत्कृत्यं म्हणजे मळक्या चिंध्या, हा यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायातला दाखला देऊन ते म्हणतात की सेवेत जीव घालणं हा कर्माचा अहंकार. त्यांना विचार, सहा अध्याय मागे त्याच यशयात देवाला कोणता उपास आवडतो ते काय लिहिलंय? जुलमाची बंधनं तोडणं, भुकेल्याला आपली भाकर देणं, बेघराला घरात घेणं. हे सांगणाराही तोच देव. आणि पेशंटच्या उशीखाली पत्रकं ठेवायला सांगतात, ते तर मुळीच करू नकोस. पडून असलेला माणूस तुझ्यापासून लांब जाऊ शकत नाही. त्याच्या लाचारीचा फायदा सुवार्तेसाठी घेणं हेही भिशीचाच प्रकार. कोणी आपणहून विचारलं तर मोकळेपणाने सांग.

याबाबत पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाच, आणि सगळं वाच. त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्यांनी रमाबाईंना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं आश्रमघर दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत. असल्या बायकांसाठी काही करायचं असतं, हे रमाबाईंनी त्याआधी कुठे पाहिलंच नव्हतं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा शोमरोनी बाईची गोष्ट पुढे आली, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे आधी दुसऱ्यांची कामं पाहिली, मग विश्वास. पण पुढे त्या स्वतः लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी सापडला. आणि हे कोण लिहितंय? 1889 मध्ये शारदा सदन काढून विधवा मुलींना शिकवायला लागलेली बाई! हातात एवढं काम असून त्याने मन निवांत झालं नव्हतं. निवांत झाल्यावर काम थांबलं का? दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुली घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, तिथे शेकडो बायामुलींना घर मिळालं, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं, आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं.

त्यांच्या आयुष्यातलं 1893 हे सालही टाळू नकोस. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, या वादात रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंची बाजू आहे, पण ज्यांनी विश्वासाने आपल्या लेकी सोपवल्या होत्या त्यांचा रागही मला कळतो. भाऊंना हे सांगितलंस तरी चालेल.

आता कामाचं. तू वहीत रोजची ‘चांगली कृत्यं’ लिहितेस असं तुझी आई म्हणाली. वही बंद कर. मनात हिशेब आला तर येऊ दे, त्याच्याशी भांडत बसू नकोस, पुढच्या पेशंटचं टेंपरेचर घे. सगळ्यांच्या बदली ड्यूट्या अंगावर घेणंही थांबव. त्यातली निम्मी सेवा आहे, निम्मी भीती, आणि दमलेली नर्स औषध देताना चुकते. रविवारच्या ड्यूटीमुळे उपासना बुडते म्हणून रडू नकोस, पण महिन्यातला एक रविवार मेट्रनकडून मागून घे. मिळतो. दुसऱ्याला वाढत राहणाऱ्यालाही पंगतीत बसावं लागतं, म्हणून प्रभुभोजन चुकवू नकोस.

एकदा केडगावला जाऊन ये. आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. पुणे-दौंड गाडी तिथे थांबते. मैत्रिणीलाही घे. मी नगरहून दौंडपर्यंत रेल्वेने येईन, तिथून पुढे तुमच्यात सामील होईन. गुडघ्यांचं मी बघून घेते. पुढच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता लागला की कळव, आणि त्या आजोबांचं कोणी नातेवाईक आलं का तेही लिही. मेडिकल सोशल वर्करकडे त्यांची नोंद झाली नसेल तर आधी ती करून घे.

तुझी,
आत्या