मुलांच्या चुका बरोबर घेऊन जा

अगं, चिनी शिकवणाऱ्यांच्या कार्यशाळेला तू पहिल्यांदाच निघाली आहेस, म्हणून सांगते. वही विसरलीस तरी चालेल, पण मुलांच्या तपासलेल्या पाच-सहा उत्तरपत्रिका पिशवीत टाक, नावं झाकून. मी पहिल्या वेळी रिकाम्या हाताने गेले, मागच्या रांगेत बसले, भराभर लिहून घेतलं आणि ती वही पुन्हा उघडलीच नाही. पुढच्या वेळी चुका घेऊन गेले. ‘मी उंच आहे’ म्हणताना आपली मुलं चिनीतही ‘आहे’ घुसडतात. तिथं विशेषणाआधी ‘हन’ लागतं, ‘आहे’ नाही. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, आणि अर्धा तास सगळे त्यावरच बोलत होते.

उच्चारांच्या सत्राला पुढे बस. पिनयिन लिहितात रोमन अक्षरांत, त्यामुळे ‘बी’ दिसला की आपलं तोंड ‘ब’ म्हणतं. तो असतो ‘प’. आणि ‘पी’ म्हणजे ओठ मिटून काढलेला, फळातला ‘फ’. आपलं ‘बीजिंग’ म्हणूनच तिथं ‘पेइचिंग’ ऐकू येतं. मला हे एका चिनी बाईंनी कागदाच्या पट्टीने शिकवलं. पट्टी ओठांसमोर धरायची: ‘फ’ म्हटलं की ती फडफडते, ‘प’ला जेमतेम हलते. मी तेव्हा बरीच वर्षं शिकवत होते, तरी माझी पट्टी हलेना! ती पट्टी तूही जवळ ठेव.

आणि तिथं संकोच न करता सांग, की मराठी मुलांच्या तोंडात ‘चाक’मधला आणि ‘चहा’तला, असे दोन्ही च आधीच बसलेले असतात. पिनयिनमधले ‘झेड’ आणि ‘जे’ त्यांच्या अगदी जवळचे आहेत. ‘सी’ मात्र जड जातो, कारण ‘चाक’मधल्या च ला श्वासाचा झोत दिला की जो वर्ण होईल, तो आपल्याकडे नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हे कुठून मिळणार? ते आपणच मांडायला हवं.

नमुना पाठ घ्यायला सांगितलं तर दहा मिनिटांत चारही सूर कोंबू नकोस. एकच जोडी घे: तिसऱ्या सुरातलं ‘माइ’ म्हणजे विकत घेणं, चौथ्यातलं म्हणजे विकणं. दोघांना भाजीवाली आणि गिऱ्हाईक कर, सूर चुकला की व्यवहार उलटा होतो आणि मुलं स्वतःच सुधारतात.

चहाच्या सुट्टीत मोबाइल काढू नकोस, शेजारच्या बाईंना त्यांच्या वर्गात काय अडतं ते विचार. परत आल्यावर पहिल्याच तासाला एक गोष्ट करून बघ आणि मला फोन कर. रात्री उशिरा केलास तरी मी जागी असेन.