चिकण माती काय अडविते आणि काय सोडिते?

जासईभोंवतालच्या खाडीकांठच्या शेतकऱ्यांस एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं: चिकण माती ओली करून नीट चोपली, म्हणजे तिचा बांध पाणी धरून ठेवितो. खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून घातलेले बांध याच गुणावर उभे असतात. परंतु जी माती पाणी अडविते ती प्रत्येक द्रव अडवीलच, असें मानणें धोक्याचें आहे. तें कसें, हें आपण पाहूं.

चिकण मातीचे कण पापुद्र्यांसारखे असून त्यांवर ऋण वीज असते. तिच्या योगें प्रत्येक पापुद्र्याभोंवतीं पाणी व क्षार यांचें वेष्टण होतें. तें जाड असलें म्हणजे छिद्रें बुजतात व पाझर मंदावतो. पाण्यांत मीठ वाढलें, कीं वेष्टण आखडतें. पाण्याच्या जागीं ॲसिटोन किंवा मद्यार्क शिरला, तर तें फारच आखडतें. कणांच्या गुठळ्या होतात, भेगा पडतात व वाट मोकळी होते. १९८२ च्या सुमारास अमेरिकेंतील टेक्सास येथील अभ्यासकांनीं चोपलेल्या मातींतून असे शुद्ध द्रव सोडले, तेव्हां पाझर शेकडों पट वाढलेला आढळला. पुष्कळ पाणी मिसळलेल्या द्रवानें मात्र इतका बदल होत नाहीं.

याचें मूळ डोळ्यांनीं पाहतां येतें. वाळलेली चिकण माती कुटून बारीक चाळावी. कांचेच्या दोन नळ्यांत ती प्रत्येकीं १० ग्रॅम घालून, एकींत पाणी व दुसरींत रॉकेल १०० मिलिलिटरपर्यंत भरावें. ढवळून २४ तास ठेवावें. दिवा दूर असावा. पाण्यांतील माती फुगते, रॉकेलांतील फुगत नाहीं. मातीचा फुगवटा मोजण्याची भारतीय मानकांतील रीत हीच आहे.

पनवेलजवळ तळोजें येथें कारखान्यांचा घातक कचरा पुरण्याचें स्थान आहे. अशा स्थानीं केवळ मातीवर भिस्त न ठेवितां तिजवर प्लास्टिकचें जाड अस्तर घालितात. मातीच्या थराचा पाझर सेकंदास सेंटिमीटरच्या एक कोट्यंशाहून अधिक नसावा, अशी मर्यादा आहे. पाणी स्वभारानें उतरत असतां हें वर्षास सुमारें ३ सेंटिमीटर होतें.

मग विहिरीशेजारच्या खड्ड्यांत थिनर अथवा पिंपांतील उरलेलें रसायन ओतून, “खालीं चिकण माती आहे,” असें म्हणणें पुरेसें होईल काय? शिक्षकांनीं वरील प्रयोग गांवकऱ्यांस करून दाखवावा. असे द्रव बंद डब्यांत ठेवून ग्रामपंचायतीस कळवावें. आणि विहिरीच्या पाण्यास वास येऊं लागल्यास, तपासणी होईपर्यंत तें कोणीं पिऊं नये.