मीनखाई घारीची ओळख

धारूरच्या किल्ल्यावर उभें राहिलें कीं घिरट्या घालणाऱ्या घारी कोणालाही दिसतात. त्या रोजच्या असल्यामुळें आपण त्यांच्याकडे पुनः पाहत नाहीं. परंतु हिवाळ्यांत घाट उतरून माजलगांवच्या धरणाकडे गेलें असतां सिंदफणेच्या त्या विस्तीर्ण जलाशयावर एक निराळी पाहुणी शोधावी. तिचें नांव मीनखाई घार. कोणी तिला कैकर असेंही म्हणतात. युरोप व उत्तर आशिया यांतील थंड प्रदेशांत ती घरटें करते, आणि हिवाळा जवळ आला म्हणजे दक्षिणेकडे येते.

तिला ओळखावें कसें? पहिली खूण रंगाची. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरें, डोकें पांढरें, व डोळ्यावरून मानेकडे गेलेली काळसर पट्टी. दुसरी खूण आकृतीची. पसरलेले पंख सुमारें पांच फूट भरतात. ते लांब व अरुंद असून मनगटापाशीं वांकलेले दिसतात. तिसरी खूण शिकारीची. पाण्यावर एके ठिकाणीं पंख फडफडवीत ती स्थिर राहते, आणि पाय पुढें करून अशी कोसळते कीं कित्येकदां सारें अंग पाण्यांत जातें. मासा निसटूं नये म्हणून तिच्या तळव्यांवर कांटेरी खवले असतात, व बाहेरचें बोट मागें वळूं शकतें. मासा नेतांना ती त्याचें डोकें पुढें धरते. त्यामुळें वाऱ्याचा अडथळा कमी होतो.

या तिन्ही खुणा एकत्र पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह धरणावर गेलों होतों. पांढऱ्या डोक्याचा एक पक्षी दिसतांच सर्वांनीं एकच गलका केला, आणि आम्हींही उत्साहाच्या भरांत वहींत नांव लिहून टाकलें. इतक्यांत पक्षी वळला. पाठ विटकरी होती. ती ब्राह्मणी घार होती! लिहिलेलें नांव आम्हांस खोडावें लागलें.

दुपारीं, सूर्याच्या दिशेस, दूरवर एक लांब पंखांचा पक्षी पाण्यावर स्थिर झाला, कोसळला, व रिकाम्या पायांनीं वर आला. एका विद्यार्थ्यानें लिहिलें, “बहुधा मीनखाई. डोळ्यावरची पट्टी दिसली नाहीं.” दुसऱ्यास वाटलें, “बहुधा” हा शब्द गाळावा, म्हणजे वार्षिकांत सहलीची शोभा वाढेल. आम्हीं तो शब्द तसाच ठेवला.

एका शब्दासाठीं इतका आग्रह कशाला, असें कोणी विचारील. अमेरिकेंत १९४५ नंतर डी. डी. टी. हें कीटकनाशक फार वापरलें गेलें. तें पाण्यांतून माशांत व माशांतून या घारींच्या शरीरांत गेलें. अंड्यांचीं कवचें पातळ होऊन तीं फुटूं लागलीं, आणि घरटीं ओस पडलीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें घरटीं व पिलें मोजून प्रामाणिकपणें लिहून ठेविलीं होतीं, त्यांच्या वह्यांवरून हा ऱ्हास उघड झाला. १९७२ सालीं तेथें त्या औषधाच्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली, आणि पुढें या घारी पुनः वाढल्या. त्या वह्यांत पाहिलेल्याऐवजीं हवेंसें वाटलेलें लिहिलें असतें, तर त्यांवर कोणी विश्वास ठेविला असता?

आपल्या शेतांवरील औषधही पावसाबरोबर ओढ्यास मिळतें व ओढा धरणास. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, फवारणीचे डबे ओढ्यांत धुऊं नयेत. विद्यार्थ्यांनीं मात्र येत्या हिवाळ्यांत तीच वही घेऊन निघावें. सकाळीं, सूर्य पाठीशीं ठेवून उभें राहावें आणि ती पट्टी शोधावी. दिसली, तर “बहुधा” खोडण्याचा अधिकार त्यांचा.