वीज किती लांब आहे?

नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणे धूत असेल, तर नीट बघा. कापड दगडावर आपटलेले आधी दिसते. आवाज मागून येतो.

असे का होते? उजेडाची चाल फार जलद. तो एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला जवळजवळ ३ सेकंद लागतात.

आभाळातल्या विजेचेही तसेच आहे. वीज चमकली, की सेकंद मोजू लागा. गडगडाट ऐकू आला, की थांबा. आकड्याला ३ ने भागा. ९ सेकंद झाले, तर वीज ३ किलोमीटर लांब.

घड्याळ नसेल, तर सावकाश म्हणा : एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. आधी घड्याळाच्या काट्याबरोबर म्हणून सराव करा.

मृगाचे दिवस होते. सासरा आणि सून शेतात धसकटे वेचत होती. ढग भरून आले. दूर गडगडले.

आबा म्हणाले, "आवाज बारीक आहे. वीज लांब आहे. एवढा तुकडा उरकू."

सून म्हणाली, "आबा, आवाज बारीक की मोठा, यावर जाऊ नका. वारं उलटं असलं, की आवाज बारीक येतो. रात्री जमिनीलगतची हवा गार झाली, की लांबच्या गाडीची शिट्टी जवळ वाटते. आवाज फसवतो, आकडा फसवत नाही. मघाशी मी चोवीस मोजले. आता पंधराच झाले."

"म्हणजे आठावरून पाच किलोमीटरवर आली की! चल, त्या आंब्याखाली थांबू."

"झाडाखाली मुळीच नको! वीज उंच झाडावर पडते, अन् तिथून खालच्या माणसाला धरते. वर्गात बाईंनी सांगितलंय."

आबांनी बैल सोडले. दोघे झपाझप घरी आली. दार लावले तोच लख्खकन् उजेड पडला. आता आबाच मोजू लागले, "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन..." कडाड् आवाज झाला.

आबा हळूच म्हणाले, "एकच किलोमीटर. पोरी, आपलं शेत तेवढंच लांब आहे."

लक्षात ठेवा :

पुढची वीज मागच्याच जागी पडेल असे नाही. ती १० किलोमीटर लांबही पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू आला, की उघड्यावरचे काम थांबवा. पक्क्या घरात जा.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. लगेच दवाखान्यात न्या.

सांगा पाहू : वीज चमकल्यावर १२ सेकंदांनी आवाज आला. वीज किती लांब आहे? तुम्ही काय कराल?